जावेचा समुद्र

तलावावर सगळे तिला मास्तरीणच म्हणायचे. हातात लांब बांबू घेऊन ती काठावरून चालू लागली की भल्याभल्यांचे पाय पाण्यात सरळ व्हायचे. अर्ध्या गावाला तिने पोहायला शिकवलं होतं. पोटची पोर मात्र सुट्टी आली रे आली की पिशवी भरून काकूकडे पळायची. काकू म्हणजे मास्तरणीची धाकटी जाऊ. तिचं घर समुद्राला लागून होतं.

"तलावात काय आहे गं आई? भिंत आली की वळा, पुन्हा भिंत आली की वळा," एक दिवस लेक म्हणाली. "स्पर्धेतून माझं नाव काढ. मी आता काकूकडेच पोहणार."

मास्तरणीच्या अंगाचा तिळपापड झाला. जिला पाय धड मारता येत नाहीत, जी म्हशीसारखी डोकं वर काढून पोहते, त्या बाईने आपली पोर पळवावी? जळत होती ती, उगाच दुसरं नाव कशाला द्या. जावेचे रापलेले दंड, तिचं मोकळं हसणं, लेकीच्या केसांना येणारा खारट वास, सगळंच तिला खुपायचं.

शेवटी ती समुद्रावर जाऊन थडकलीच. "त्या तरंगत्या पिंपाला हात लावून यायचं," ती जावेला म्हणाली. "मी जिंकले तर पोर तलावावर परत."

"आज पाण्याला ओढ आहे हो ताई."

"मग तू राहा काठावर."

दोघी पाण्यात शिरल्या. मास्तरीण पोहायला लागली ती अगदी नमुनेदार. मान खाली, हात लांब, श्वास उजवीकडून. जाऊ कुठे दिसेना. मागे पडली असेल, बरं झालं. तलावाच्या तळाला काळी पट्टी असते, तिच्यावर नजर ठेवून पोहण्यात हिचा जन्म गेला. इथे खाली नुसता हिरवा गढूळपणा. पण मान वर काढून बघायचं म्हणजे जावेसारखं पोहायचं, आणि ते ती मेली तरी करणार नव्हती. दम लागला तेव्हा नाइलाजाने वर पाहिलं, तर पिंप कुठल्या कुठे आणि समोर खडक. तेवढ्यात लाट फुटली, नाकातोंडात पाणी गेलं. तिचा हात भिंत शोधू लागला.

हाताला लागली ती जाऊ. "सरळ काठाकडे नका जाऊ ताई, दमून जाल. माझ्याबरोबर आडव्या चला. आणि डोकं वर ठेवा." मास्तरणीने मुकाट्याने डोकं वर ठेवलं.

काठावर लेक रडवेली होऊन उभी होती. "काही नाही गं, बोलता बोलता लांब गेलो," जाऊ म्हणाली. "जिंकली तुझी आई."

हे मात्र मास्तरणीला फारच झोंबलं. बाई वर चांगलीही निघावी, म्हणजे रागवायचीसुद्धा सोय नाही.

"खोटं बोलतेय ती," मास्तरीण म्हणाली. "मी बुडत होते."

लेक धावत आली आणि काकूच्या गळ्यात पडली. "माझ्या आईला आणलंस," म्हणत हुंदके देऊ लागली. मास्तरीण शेजारी ओलीचिंब उभी होती, आणि त्या मिठीचाही तिला हेवा वाटला.