दोन्ही हात वर

आमच्या शहरात हौशी फोटोग्राफर लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. निसर्ग, रेल्वे आणि प्रवास असे त्यांचे तीन विषय. मी त्या ग्रुपमध्ये सात-आठ महिने होते, म्हणून हे लिहायचा मला थोडा तरी हक्क आहे असं वाटतं. कुणाला कमी लेखायची मला सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे शिकलेल्या माणसासमोर माझा आवाज आपोआप खाली जातो. पण या लोकांबद्दल बरं लिहायला बसले की पेन चालत नाही.

मला त्यात घेतलं ते ग्रुप चालवणाऱ्या निवृत्त प्राध्यापकांनी. निबंध स्पर्धेत ते परीक्षक होते. म्हणाले, "बेटा, तुझी भाषा छान आहे. आमच्या फोटोंना ओळी देत जा." मी बी. ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला होते. मला इतका आनंद झाला की बोरगावला घरी येईपर्यंत सायकल चालवतेय याचंही भान नव्हतं.

रोज सकाळी फोटो यायचे. खंड्या पक्षी, त्याच्या शेपटीपेक्षा मोठ्या अक्षरात फोटो काढणाऱ्याचं नाव. गिरडच्या टेकडीवरून सूर्य, पुन्हा नाव. फोटो उघडण्याआधीच खाली 'अप्रतिम' येऊन पडायचं, कारण उद्या यांचा फोटो आला की त्यांनी 'अप्रतिम' म्हणायचं असतं. कारमधून उतरायचं, शेताच्या धुऱ्यावर उभं राहून दहा मिनिटं निसर्गावर प्रेम करायचं, वेफरचं पाकीट तिथंच टाकायचं आणि घरी जाऊन 'माणूस निसर्गापासून तुटला आहे' असं लिहायचं. ते लिहिणारी मी होते, हे कबूल करायला हवं.

सरांचा एकच नियम होता. फोटोत जे दिसतं ते लिहायचं नाही. "दिसतं ते तर दिसतंच ना, बेटा. त्याच्या पलीकडचं लिही." म्हणून कापसाला मी कापूस म्हणायचं सोडलं. एकदा समुद्रपूरकडच्या शेतात निंदण करणाऱ्या बायांचा फोटो आला. मी ओळ दिली: 'मातीशी चाललेला मूक संवाद.' मी स्वतः आईसोबत निंदणाला गेलेली आहे. तिथं मूक कुणीच नसतं. कंबर धरलेली असते आणि शेतमालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेला असतो. तरी मी ते लिहिलं, आणि टाळ्यांचे हात आले तेव्हा मला बरंही वाटलं.

हिवाळ्यात एका सकाळी दातांच्या डॉक्टरांचा फोटो आला. शहरात त्यांचा स्वतःचा दवाखाना आहे आणि दुधी भोपळ्याएवढी लांब लेन्स आहे. धुक्यात वळणारी रेल्वेलाइन, लांबून येणाऱ्या इंजिनाचा पिवळा दिवा, आणि मधे केशरी जाकिटातला एक माणूस, कॅमेऱ्याकडे पाठ, दोन्ही हात डोक्याच्या वर. खाली मला निरोप होता: "बेटा, दोन ओळी. स्वागत, निरोप वगैरे."

मी कॉलेजच्या पायरीवर बसून लिहिलं:

'ओळख नसताना येणाऱ्या प्रत्येकाला
हात करणारा कुणी एक.'

सरांनी लिहिलं, "डोळे पाणावले." डॉक्टरांनी हात जोडले.

माझे बाबा रेल्वेत कीमन आहेत. रोज सकाळी आपल्या हद्दीतल्या रुळांवरून पायी चालायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या असतील तर हातोड्यानं ठोकायच्या, हे त्यांचं काम. त्या संध्याकाळी ते आले आणि बूट न काढता ओट्यावर बसून राहिले. आईनं विचारलं, "काऊन जी, जेवत नाई का?"

"गाडी थांबवली आज म्या," बाबा म्हणाले. "कोयशाची मालगाडी. साहेबानं लेखी जबाब मांगतला."

"थांबवली काऊन पण?"

"एक माणूस रुळाच्या मधात मांडी घालून बसला होता, मोठ्ठा कॅमेरा घेऊन. म्या बोंबललो, शिट्टी मारली. तर तो मलेच हातानं म्हणते, बाजूले हो, मधात येऊन राह्यला तू. तिकून गाडी सुटलेली. झोळीतून झेंडी काढाले वेळ होता कुठी? गाडीकडे पळालो, दोन्ही हात वर करून."

ती गाडी सिग्नलवरून नुकतीच सुटली होती, वेग कमी होता, म्हणून थांबली. धुक्यात ड्रायव्हरला केशरी जाकीट तेवढं दिसलं. त्याचा सोबती खाली उतरून येईपर्यंत फोटो काढणारा उठून आपल्या कारकडे निघून गेला होता. आता रुळावर कुणी होतं याला साक्षीदार नव्हता. बाबांच्या नोकरीत एवढ्या वर्षांत एक शेरा नाही. विनाकारण गाडी थांबवली असा शेरा बसला असता.

दोन्ही हात वर म्हणजे थांब. झेंडी नसली तर हाच इशारा. लहान असताना आम्ही गल्लीत गाडी-गाडी खेळायचो तेव्हा बाबांनीच तो शिकवला होता. सकाळी मी तो फोटो पंधरा मिनिटं बघितला होता आणि मला त्यात स्वागत दिसलं.

मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी फोटो जवळ धरला, लांब धरला.

"हा तं मीच व्हय," ते म्हणाले. मग बोट फोटोच्या खालच्या कडेवर ठेवलं. "हे पाह्य. दोन्ही रूळ दोन्हीकडून सारखे निंगते. मधात बसल्याशिवाय असा फोटो निंगत नाई." मग त्यांनी खालच्या ओळी वाचल्या, अक्षर-अक्षर जोडत. "हे कोणं लिवलं?"

"मी."

ते चिडले असते तर सोपं गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, "हात नव्हतो करत वं. थांबवत होतो."

मी ग्रुपवर लिहिलं की फोटोतला माणूस माझे वडील आहेत, त्यांनी डॉक्टरांसाठी गाडी थांबवली, आणि 'मी तिथे होतो' एवढं डॉक्टरांनी लेखी द्यावं. काही मिनिटांत फोटो डिलीट झाला. मग सरांचा फोन.

"बेटा, ग्रुप कलेसाठी आहे. वैयक्तिक गोष्टी इथे नकोत."

"सर, पण ते बसले होते ना रुळावर."

"अगं, रुळावर बसणं गुन्हा आहे. डॉक्टरांचं नाव यायला नको, समजून घे. चांगल्या घरचा माणूस आहे."

मी "हो सर" म्हणाले. सवयीनं. फोन ठेवला तेव्हा मी ग्रुपमध्ये नव्हते.

पण फोटो माझ्या मोबाइलमध्ये आधीच उतरला होता. दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात मी त्याची मोठी प्रिंट काढली. कोपऱ्यात डॉक्टरांचं नाव झोकदार अक्षरांत होतंच. मागच्या बाजूला काय लिहायचं यावर मी बराच वेळ अडले, कारण दिसतं ते लिहायची सवय मोडली होती. शेवटी लिहिलं: 'कीमन दोन्ही हात वर करून मालगाडीला थांबण्याचा इशारा देत आहे. फोटो काढणारा दोन रुळांच्या मधोमध बसलेला आहे.' खाली बाबांनी सांगितलेला किलोमीटरचा दगड आणि वेळ टाकली.

बाबांनी कात्री मागितली आणि नावाचा कोपरा कापला.

"असं काऊन, बाबा? राहू द्या ना नाव!"

"मले माह्या जबाबापुरतं पाह्यजे. त्याच्या मागं कोर्टात कोण हिंडन?"

मला ते आवडलं नाही, अजूनही आवडत नाही. कापलेला कोपरा मी वहीत ठेवला आहे.

साहेबांनी फोटो उलटसुलट पाहिला, मागचं वाचलं, जबाबाला टाचला. शेरा बसला नाही. फक्त म्हणाले, "पुढच्या वेळी झेंडी हातात ठेवत जा." महिन्याभरानं मैत्रिणीनं त्या ग्रुपवरचा नवा फोटो दाखवला. सेवाग्राम स्टेशनवर खिडकीतून हात हलवणारी कुणी बाई, आणि खाली माझ्याच दोन ओळी. आता तरी त्या फोटोला शोभत होत्या.

बाबा हल्ली लाल झेंडी झोळीत ठेवत नाहीत. हातोडा एका हातात आणि गुंडाळलेली झेंडी दुसऱ्या हातात घेऊन चालतात. त्यामुळे चावी ठोकताना दर वेळी ती खाली रुळांमधल्या गिट्टीवर ठेवावी लागते आणि पुन्हा उचलावी लागते.