छोट्या गाडीचा दम

लढाई संपल्यावर आमचे हे घरी आले ते एक लोखंडी पेटी, दोन ब्लँकेटं आणि अधू झालेले कान घेऊन. इजिप्तच्या वाळवंटात लष्करी वर्कशॉपात त्यांनी चार वर्षं ट्रकांची इंजिनं उतरवली आणि चढवली. तोफा जवळच होत्या. माणसाचं बोलणं त्यांना ऐकू यायचं, पण बारीक आवाज गेले ते गेलेच. माझ्या बांगड्या वाजतायत हे त्यांना माझ्या हातांकडं बघून कळायचं.

ह्यांचं गाव कराडजवळचं, उसाचं. शेती थोरले भाऊ बघत. आम्ही कराडात दोन खोल्या घेतल्या आणि हे एका मोटारीच्या वर्कशॉपात कामाला लागले. वर्षभरानं त्यांनी एक जुनी गाडी घेतली. गाव सोडून चाललेल्या एका डॉक्टरांची होती ती. आठ घोड्यांच्या ताकदीची, चार माणसं अंग चोरून बसतील एवढी, आणि पेट्रोल कमी खाणारी. पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळायचं, म्हणून तसलीच परवडायची. गल्लीतले लोक तिला डबी म्हणत.

माझं माहेर आटपाडीकडचं. वडील नव्हते. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि तिला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं होतं. सर्व्हिस मोटारीत, म्हणजे तेव्हाच्या बसमध्ये, ती एकदाच बसली होती आणि वाटभर तिला ओकाऱ्या झाल्या होत्या. पुन्हा बसायचं नाव घेईना. तेव्हा ह्यांनी तिला शब्द दिला की मामी, मी तुम्हाला आपल्या गाडीतनं नेतो.

पहिल्या खेपेला, वैशाखात, आम्ही तिला आणायला गेलो. जाताना गाडी बरी गेली. येताना आई मागच्या सीटवर, तिच्याशेजारी ज्वारीचं पोतं आणि पुढं खानापूरच्या पठारावर चढणारा घाट. अर्ध्यात गाडीनं दम सोडला. पाणी उकळून टोपणातून वाफ यायला लागली. गाडी हलकी करायची म्हणून मी आईला उतरवलं आणि हाताला धरून चालवायला लागले. तिला दिसत नव्हतं. एका धोंड्याला ठेचकाळली आणि गुडघ्यावर पडली. लुगडं फाटलं, रक्त आलं. ती रडली नाही. वरून एक बैलगाडी आटपाडीकडं परतत होती, तीत बसली आणि म्हणाली, "गाडीचा जीव ल्हान हाय, बाई. माझ्यापायी तिला नगा मारू." आणि गेली. हे रेडिएटरच्या टोपणावर ओलं फडकं धरून उभे होते. इंजिन निवल्यावर आम्ही दोघंच कराडला परत आलो.

त्यानंतर दोन महिने आमच्या घरात एकच विषय होता. गाडीचा दम वाढवायचा, पण पहिल्यांदा काय करायचं? ह्यांच्या डोक्यात तीन गोष्टी होत्या. लष्करी मालाच्या लिलावात मोठा कार्बुरेटर मिळत होता, तो बसवला की इंजिनाला जास्त हवा आणि जास्त पेट्रोल मिळणार. दुसरं, धुराचा पाइप रुंद करायचा. तिसरं, हेड म्हणून इंजिनाचं वरचं झाकण असतं, ते घासून बारीक करायचं, म्हणजे आतली हवा आणि पेट्रोल जास्त दाबलं जाऊन जोर वाढतो. तिन्ही एकदम करणं झेपणारं नव्हतं. हे कार्बुरेटरकडं झुकले होते. वर्कशॉपातले लोकही तेच म्हणत.

मला इंजिनातलं काही कळत नव्हतं. तरी रोज ऐकून ऐकून मी एकदा विचारलं, की चूल धड पेटत नसली तर आपण आधी लाकडं वाढवतो का? आधी राख काढतो. हे जेवत होते. हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "राख काढायची ऱ्हायलीय खरी."

त्या रविवारी अंगणात पोतं अंथरून त्यांनी हेड उतरवलं. आत काजळीचा हा थर. पिस्टनची काजळी त्यांनी पितळी उलथन्यानं खरवडली, कारण लोखंडानं ओरखडे पडले असते. उलथनं माझं होतं आणि ते नंतर स्वयंपाकाला आलं नाही. व्हॉल्व मी घासले. काठीच्या टोकाला रबरी वाटी, ती व्हॉल्वला चिकटवायची, खाली घासायचा मसाला लावायचा आणि ताक घुसळतात तशी काठी दोन्ही तळव्यांत फिरवायची. आठ व्हॉल्वना दोन रविवार गेले. माझे तळवे काळे झाले होते. हे मध्येच माझा हात हातात घेऊन बघत आणि फडक्यानं पुसून परत देत.

मग हेड पोत्यात गुंडाळून ते रेल्वेनं मिरजेला घेऊन गेले. तिथला लेथवाला म्हातारा होता. त्यानं बजावलं, "घासलेलं परत चिकटवता येत न्हाई बगा." ह्यांनी विचार करून अर्ध्या सुताच्याही, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाच्याही, आतच घासायला सांगितलं. कार्बुरेटर नकोच म्हणाले. घाट चढायला खादाड गाडी नको होती, कुपनं मोजकीच होती.

हेड बसल्यावर गाडी खरंच वेगळी झाली. पण एक अडचण निघाली. तेव्हाचं पेट्रोल हलकं होतं. चढावर जास्त दाबलं गेलं की ते अवेळी पेटायचं आणि बाटलीत खडे हलवावेत तसा बारीक आवाज यायचा. तो चालू दिला तर पिस्टनला भोक पडतं. स्टिअरिंगपाशी एक छोटा दांडा होता, तो मागं घेतला की ठिणगी जरा उशिरा पडायची आणि आवाज थांबायचा. पण ह्यांना तो आवाजच ऐकू येत नव्हता.

कराडपासून जवळच्या सुर्लीच्या घाटात मी शेजारी बसले होते. म्हटलं, खडे वाजतायत. ह्यांनी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि तो दांडा दोनदा मागंपुढं करून बघितला. मग म्हणाले, "आता तूच ऐकायचंस. मला नुसतं सांगत जा." बोलून सांगितलेलं इंजिनाच्या घरघरीत त्यांना कळायचं नाही, म्हणून आवाज आला की मी त्यांच्या गुडघ्यावर बोट टेकवायची. थांबला की उचलायची. आठ-दहा रविवार आम्ही तो घाट असा चढलो-उतरलो. जावा म्हणायच्या, नवऱ्याबरोबर मोटारीतनं फिरायची लय हौस हिला. होतीच.

दिवाळीनंतर आईला आणायला गेलो. ती यायला तयार नव्हती. शेवटी या अटीवर बसली की घाट आला की तिला आधीच उतरवायचं. मी पुढं बसले. घाट लागला. ह्यांनी दुसऱ्या गिअरात गाडी घातली आणि मी कान देऊन बसले. तीनदा बोट टेकवलं, तीनदा उचललं. आई मागं डोळे मिटून होती. पठारावर वारा लागला तेव्हा तिनं विचारलं, "आवं, घाट कवा येणार?"

"मागं ऱ्हायला, मामी," हे म्हणाले.

आईनं पुढं वाकून गाडीच्या सीटवरून हात फिरवला. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "लय गुणाची हाय गं ही."

मिरजेत ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्ट्या बांधून आई बरेच दिवस उताणी पडून होती. पट्ट्या सुटल्यावर जाड भिंगांचा चष्मा मिळाला. आम्ही तिला परत पोचवायला निघालो तर ती खिडकीतून बाहेर बघतच होती. आंबा, लिंब, मेंढरांचा कळप, जे दिसेल त्याचं नाव घ्यायची.

गाडी फार दिवस राहिली नाही. थोरली पोटात असताना ह्यांना साखर कारखान्यावर कायमची नोकरी लागली, राहायला जागा तिथंच, आणि गाडी विकली. आई त्यानंतर दोन पावसाळे होती. हेही गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पुढं त्यांनी किती इंजिनं दुरुस्त केली असतील, पण त्यांतल्या एकालाही माझे कान लागले नाहीत.

आईला पोचवायला निघालो त्या दुपारी पठाराच्या कडेला तिनं गाडी थांबवायला लावली होती. तिथून खाली आमच्या बाजूचा सगळा माळ दिसतो. ती कडेला बसली आणि बोटानं दाखवत गेली, हे आपलं, ते चुलत्यांचं, तो ओढा. ह्यांनी भाकरीचं फडकं सोडलं. कांदा फोडला. आईनं चष्मा काढून माझ्या तोंडाकडं बघितलं, परत घालून बघितलं आणि म्हणाली, वाळलीस. थंडीतलं ऊन मऊ होतं. तिघांपैकी कुणालाच घाई नव्हती. निघू या असं मीच म्हणाले. का म्हणाले, ते काही केल्या आठवत नाही.