होडीच्या वाट्याची गोळी

अख्खी होडी माझ्या दवाखान्याच्या ओट्यावर बसून जांभया देत होती. होडी म्हणजे होडीवरची माणसं. एरवी ज्यांच्या आरड्याओरड्याने रेवदंड्याची खाडी दणाणायची, ते धट्टेकट्टे कोळी भिंतीला डोकी टेकून पेंगत होते. सगळ्यांची नाकं चोंदलेली. समोर पारूबाई कमरेवर हात ठेवून उभी. तिचा नवरा हिराजी हा या होडीचा तांडेल, म्हणजे कप्तान. होडी सारखी रिकामी परत येत होती, कारण जाळं ओढायच्या वेळी माणसं झोपत होती.

"डाक्टर, यांना काय झालाय ते सांगा," पारूबाई म्हणाली. "न्हायतर मी भगताकडं नेते."

भगताचं नाव निघालं की माझ्यातला नट जागा होतो. गणेशोत्सवातल्या नाटकात मी दरवर्षी राजा होतो, आणि दवाखान्यातही फारसं वेगळं काही करत नाही. मी एकेकाची जीभ पाहिली, पापणी ओढली, छातीला स्टेथोस्कोप लावून डोळे मिटले. मग घसा साफ करून जाहीर केलं, की ही फ्लूची साथ आहे. कंपाउंडरला घागरभर मिक्श्चर करायला सांगितलं. शाळा बंद ठेवा, असा हेडमास्तरांना निरोप धाडला.

ताप मात्र एकालाही नव्हता. थर्मामीटरला अभिनय कळत नाही.

शेवटी हिराजीची पाळी आली. तो माझा ब्लडप्रेशरचा पेशंट. काही आठवड्यांपूर्वी खाडीच्या तोंडाशी सुकाणू धरलेलं असताना त्याला घेरी आली, म्हणून पारूबाईने त्याला ओढतच आणलं होतं. तेव्हा प्रेशर दोनशेच्या वर निघालं. त्याच्या बापाला याच होडीवर वारं गेलं होतं, म्हणजे अर्धांगवायू झाला होता, आणि होडी खडकावर आदळता आदळता वाचली होती. मी हिराजीला सर्पगंधेच्या मुळीपासून केलेल्या, त्या वेळी नव्याच निघालेल्या गोळ्या दिल्या होत्या. त्या प्रेशर हळूहळू उतरवतात. मात्र सुरुवातीला गुंगी येते, नाक चोंदतं. रोज तीन घ्यायच्या, आणि बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत, असं मी त्याला बजावलं होतं.

दंडाला पट्टा बांधून पारा चढवला. प्रेशर जिथल्या तिथे! मग सहज एका पेंगणाऱ्या खलाशाचं मोजलं. ते इतकं खाली, की मी यंत्रच हलवून पाहिलं. दुसऱ्याचंही तसंच. तेव्हा कुठे राजाच्या डोक्यात उजेड पडला.

"हिराजी, गोळ्या किती घेतोस?"

"वाट्याला येते तेवढी. एक."

"कसला वाटा?"

मग एखाद्या मंद पोराला समजवावं तसं त्याने मला समजावलं. होडीवर मासळीचे वाटे पडतात. प्रत्येक माणसाचा एक, जाळ्याचा एक, होडीचा एक. मासळीच काय, भाकरी, तंबाखू, जे होडीवर चढेल ते वाटून खायचं. एकट्याने खाणाऱ्या तांडेलाच्या होडीवर उद्या कोण चढेल?

"अरे, पण ते औषध आहे."

"मग तुमी का खाल्लीत?"

ओट्यावर कोणीतरी जागं झालं. मला आठवलं. पहिल्या दिवशी हिराजीचा गोळीवर विश्वास बसेना. औषध म्हणजे बाटलीतलं लाल पाणी. ही चिमुकली गोळी काय करणार? तेव्हा मी मोठ्या ऐटीत त्याच्याच बाटलीतली एक गोळी सगळ्यांदेखत तोंडात टाकली होती. म्हटलं होतं, "बघ, मी खातोय, तूही खा." टाळ्या मिळायच्याच काय त्या बाकी होत्या. हिराजीने मात्र त्यातून औषध वाटून घ्यायची रीत तेवढी उचलली.

"म्हंजे डाक्टर पन वाटेकरीच," पारूबाई म्हणाली. पेंगणारा ओटा खदखदून हसला.

मी चिडून हृदय, रक्तवाहिन्या, मूत्रपिंड यांवर व्याख्यान झोडलं. खलाशी पुन्हा झोपले. हिराजी शांतपणे म्हणाला, "त्यांना न्हाय, तर मला पन न्हाय." आणि बाटली माझ्या टेबलावर ठेवली.

आता मात्र मला भीती वाटली. हा माणूस उद्या पुन्हा सुकाणू धरणार होता, बापाच्याच जागी बसून.

"होडीचा वाटा कोण खातं रे?" मी विचारलं.

"कोन न्हाय. त्यातनं डांबर येतो, दोर येतात."

"सुकाणू होडीचंच ना? मग ते धरणारं डोकं कोणाचं?"

 हिराजीने आपल्या माणसांकडे पाहिलं. त्यातल्या पोशा नावाच्या सगळ्यात म्हाताऱ्या खलाशाने एक लांबलचक जांभई पुरी केली आणि निकाल दिला, "होडीचाच."

पारूबाईने बाटली उचलली. "म्हंजे गोली पन होडीच्याच वाट्याची. डांबराच्या डब्याजवल ठेवा. कोनी हात लावला तर माझ्याशी गाठ हाय."

त्यानंतर त्या गोळ्यांना हिराजीशिवाय कोणी शिवलं नाही. हिराजीचं प्रेशर दोन-तीन महिन्यांत उतरलं, आणि अजूनही सुकाणूवर तोच असतो. फ्लूच्या साथीबद्दल गावाने मला फार छळलं. शाळेची पोरं तेवढी अजून मला थोर डॉक्टर मानतात.

आता माझंही प्रेशर वाढलंय. गोळ्या त्याच. तालमीच्या नादात मी त्या विसरतो, हे पारूबाईला कंपाउंडरने सांगितलं. तेव्हापासून भर मासळीबाजारात ती टोपलीमागून विचारते, "डाक्टर, तुमचा वाटा खाल्लाव का?" मी मान खाली घालून घरी जातो आणि गोळी घेतो.

नव्या डॉक्टरांना माझं एवढंच सांगणं आहे. पेशंटपुढे नाटक खुशाल करावं, पण त्याच्या बाटलीतलं खाऊन करू नये.