सुई टोचण्याआधीच भरलेला कागद

अन्याय माझ्या आत्यावर झाला, मंगळवारी दुपारी साडेबाराला, इंदूरच्या एका खाजगी रुग्णालयात. लघवीतल्या इन्फेक्शनने तिचं बीपी कोसळलं होतं. ते वर आणायचं औषध हाताच्या बारीक शिरेतून फार वेळ देता येत नाही, म्हणून मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालायची ठरली. तिला सेंट्रल लाइन म्हणतात. नळी हवीच होती, त्याबद्दल माझं भांडण नाही.

भांडण आहे ते घातली कशी याबद्दल. शीर पडद्यावर बघत सुई घालता येते. त्याचं सोनोग्राफी मशीन आयसीयूत भिंतीशीच उभं होतं, कव्हर घातलेलं, कव्हरवर कुणाचा तरी स्वेटर.

"डॉक्टर, ते मशीन नाही लावणार?"

ज्युनियर डॉक्टर हसले. "अरे मॅडम, मशीन चालू होगी तब तक तो मैं लाइन डाल के चाय पी आऊंगा."

"तुझी पत्रकं इथे नको गं वाटूस," आत्या पुटपुटली.

भंवरकुआं चौकात पत्रकं वाटताना कॉलेजच्या पोरांना 'वाचल्याशिवाय सही करू नका' असं ओरडून सांगणारी मी, संमतीपत्रावर न वाचता सही करून बाहेर आले.

सुई तीनदा टोचली. अर्ध्या तासात आत्याला एक वाक्य पुरं करता येईना. एक्स-रेत दिसलं, फुप्फुसाला भोक पडून ते चिमलं होतं. मग बरगड्यांमधून आणखी एक नळी, अडकलेली हवा काढायला. आत्या वाचली. पण चार दिवस ती प्रत्येक श्वासाला माझं मनगट दाबायची.

फाइलची प्रत मी भांडून घेतली. त्यात सेंट्रल लाइनची चेकलिस्ट होती. हात धुतले, बरोबरची खूण. निर्जंतुक चादर, बरोबर. सोनोग्राफी वापरली, बरोबर. खाली वेळ: सकाळी आठ. आठ वाजता तर नळी घालायचं ठरलंही नव्हतं!

नर्सने काहीच लपवलं नाही. "दीदी, ड्यूटी पे आते ही सबकी फाइल में भर के रख देते हैं. इन्स्पेक्शनवाले बस यही देखते हैं ना, कोई कॉलम खाली तो नहीं."

"आणि डॉक्टर चुकत असले तर?"

"हम डॉक्टर को रोकेंगे? आप भी ना!"

तिच्यावर माझा राग नाही. राग त्या पद्धतीवर आहे. मी लेखी तक्रार केली, तर व्यवस्थापनाचं उत्तर आलं: फाइल पूर्ण आहे.

आता तुम्ही. तुमच्या माणसाच्या मानेत नळी घालायची म्हणतील तेव्हा चेकलिस्ट मागा. ती कोरी असली पाहिजे. नर्सने पलंगाशी उभं राहून एकेक ओळ मोठ्याने वाचावी, खूण तेव्हाच करावी. काही चुकलं तर नर्स थांबवू शकते, हे डॉक्टरांच्या तोंडून वदवून घ्या. चिडले तर चिडू द्या. जीव अगदी मिनिटांवर आलेला नसेल, तर एवढं झाल्याशिवाय सही करू नका.