चालू मागाची झोप

आमच्या आबांना हळू बोलता येत नाही. सगळी हयात लूमच्या खात्यात गेली. खातं म्हणजे आमच्या सुरतेत मागांचा कारखाना. तिथे एक तर कानाशी तोंड नेऊन ओरडायचं, नाही तर हातांनी खुणा करायच्या. त्यामुळे नवागामच्या आमच्या घरात 'मीठ दे' म्हटलं तरी भांडण पेटल्यासारखं वाटतं. शेजारच्या गुजराती काकी नवीन राहायला आल्या तेव्हा पहिल्याच दुपारी आमचं भांडण सोडवायला धावत आल्या होत्या. आम्ही बापडे जेवत होतो!

अशा माणसाच्या आतड्यात कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. डॉक्टर बिचारे खाली वाकून हळुवार आवाजात समजावत होते, तर आबा म्हणाले, "जोरमा बोला ना साहेब! मी अजून मरेल नही!" अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. माय पदर तोंडाला लावून हसली आणि तसंच हसता हसता तिने डोळे पुसले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, धुळीपासून आणि गर्दीपासून जपा. आमच्या घरामागे खातंच आहे. सुताचा भुसा खिडकीतून येतो आणि भाकरीवरसुद्धा बसतो. दादा, माझा मोठा भाऊ, हजीऱ्याला कंपनीत फिटर आहे. तो म्हणाला, "आबा माझ्याकडे क्वार्टरवर राहतील." घेऊनच गेला आबा-माय दोघांना. स्वच्छ खोली, जाड पडदे, एसी. दार लावलं की टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. आम्ही सगळे खूश. मी दिंडोलीला दिलेली. सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन जायचे आणि दादाचं कौतुक करून यायचे.

आबा मात्र सुकत चालले. केमोने तोंड सोललेलं, मिरची बंद. खान्देशी माणसाला मिरची बंद करा आणि मग त्याचं तोंड बघा! पण खरं दुखणं वेगळंच होतं. त्यांना झोपच येत नव्हती. डोळे टक्क उघडे. आणि ते जागे म्हणून माय जागी. तिसऱ्या केमोनंतर एका सकाळी त्यांनी हात झटकला. "बस. माले नही जानं आते दवाखानामा."

दादा समजावून थकला. मी तर चिडलेच. माझा स्वभावच मेला असा, की भीती वाटली की मी भांडते. म्हटलं, "आबा, अर्ध्यात सोडायचं होतं तर सुरू कशाला केलं? आम्ही काय उगाच पळापळ करतोय?"

त्यांनी मला पलंगावर बसवलं. मग, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, हळू आवाजात बोलले. "बेटा, आठे काहीच आवाज नही. रातदिन माले मनाच इचार ऐकू येतस. खातामा कधी मरानी याद उनी नही. आठे घडीघडी येस."

हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. आम्ही त्यांना शांतता दिली होती, आणि तीच त्यांना खात होती.

दादा तसा उद्योगी माणूस. दुसऱ्याच दिवशी सरळ नवागामला गेला, खात्यात उभा राहिला आणि मागांचा आवाज मोबाइलमध्ये भरून घेऊन आला. उशाशी लावला. खटक-खटक, खटक-खटक. आबांचे डोळे मिटले. आम्ही चवड्यांवर बाहेर आलो. दादा माझ्याकडे असा बघत होता, जसं काही त्याने रोगच बरा केला.

थोड्या वेळाने आतून आरोळी. "अरे, कोन शे तठे! तार जोडा ना!"

झालं असं, की आवाज भरताना मध्येच एक माग थांबला होता. मागाची तार, म्हणजे सुताचा धागा, तुटली की माग थांबतो. आणि खात्यातला माणूस धडधडाटात गाढ झोपेल, पण एक माग थांबला की ताडकन उठेल. आता मोबाइलवर आवाज पुन्हा पुन्हा पहिल्यापासून लागायचा आणि दर खेपेला त्याच जागी तोच माग बंद पडायचा. आबा उठून बसलेले, लालबुंद. "हाऊ कोन कामचोर ठेयेल शे? घडीघडी तीच तार तुटस, कोनी जोडत नही!" माय इतकी हसली की तिला ठसका लागला. आबाही हसले. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

मग दादाने डॉक्टरांनाच विचारलं. ते म्हणाले, धूळ नको, गर्दी नको, आवाजाला माझी काय हरकत? झालं, आम्ही वरात परत नवागामला आणली. मायने खिडकीला ओली चादर बांधली, फरशी दोनदा पुसली, येणाऱ्याजाणाऱ्याला दारातूनच वाटेला लावलं. आणि आबा मागच्या भिंतीला डोकं लावून असे घोरले, असे घोरले, की काकी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारायला आल्या, "बधुं बराबर छे ने?"

जेवण जायला लागलं. माय मात्र त्यांना काही लागेल म्हणून रात्रभर उशाशी जागीच असायची. पण केमोचं नाव काढलं की तोंड फिरवायचे. शेवटी म्हणाले, "मी एकदाव येस. मंग माले इचारू नका."

त्या केमोच्या दिवशी वॉर्डात पुन्हा तीच शांतता. आबांच्या एका हाताला सलाइन, डोळे छताला. दादा औषधं आणायला खाली गेला होता. मायने इकडेतिकडे बघितलं. तिनेही वर्षानुवर्षं त्याच खात्यात मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरल्या आहेत. तिने हळूच पलंगाच्या लोखंडी दांड्यावर बांगड्या वाजवायला सुरुवात केली. खटक-खटक, खटक-खटक. नर्सने एकदा पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. आबांचे डोळे मिटले.

किती तरी वेळ ती वाजवत होती. मी म्हटलं, दे, मी वाजवते, तर मानेनेच नको म्हणाली. मग तिचा हात मंदावत गेला. मान कलली. स्टुलावर बसल्या बसल्याच तिला झोप लागली, आणि बांगड्या थांबल्या.

माग थांबला. आबांनी ताडकन डोळे उघडले.

आता ओरडतात, या भीतीने मी पुढे झाले. त्यांनी मायकडे पाहिलं. तिचं तोंड उघडं, पदर घसरलेला, किती महिन्यांची झोप त्या चेहऱ्यावर उतरलेली. आबांनी ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. मग सलाइन नसलेला हात दांड्यावर नेला आणि अंगठीने हळूहळू वाजवायला लागले. खटक-खटक, खटक-खटक. माय जराशी हलली आणि पुन्हा गाढ झोपली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला जवळ यायची खूण केली. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"पुढली केमो कधी शे?" त्यांनी विचारलं, अगदी हळू. "तिलेबी संगे लई ये. आठे तिनी झोप व्हस."