न पाहिलेले महिने

मुचकुंदी नदी पूर्णगडला समुद्राला मिळते. तिच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, केदारलिंगाचे एक जुने चिरेबंदी देऊळ आहे, आणि देवळाखालच्या वाडीत मैना मांडवकर राहतात. त्यांनी आयुष्यात कधी कॅमेरा हाती धरला नव्हता. ज्या वर्षी धरला, त्या वर्षाची ही हकिकत. देवासमोर उभे राहून सांगावी इतकी ती मला पवित्र वाटते.

त्यांचे यजमान केरू मांडवकर तीसहून अधिक वर्षे मुंबईला मशीद बंदरच्या एका गोदामात होते. गावी यायचे ते गणपतीला आणि शिमग्याला. म्हणजे पोरवयातच सुटलेल्या जन्मगावाचे त्यांना दोनच महिने ठाऊक: भाद्रपद आणि फाल्गुन. मधले महिने पत्नीच्या तोंडून ऐकलेले. आश्विनात डोंगरमाथ्यावरचा कातळाचा सडा पिवळा होतो, पौषात नदीवर धुके उतरते, हे त्यांनी कानांनी जाणले, डोळ्यांनी नाही. एकच इच्छा त्यांनी उराशी धरली होती. नोकरी सुटली की गावाचे बारा महिने ओळीने पाहायचे. एकही चुकवायचा नाही.

नोकरी सुटली. चैत्रात ते आले आणि वैशाख सरता सरता त्यांचे डावे अंग गेले.

माजघरातल्या खाटेवरून त्यांना छपराची कौले दिसत, आणि भिंतीतल्या एका झरोक्यातून फणसाची फांदी. जीभ जड झाली होती, तरी शब्द शाबूत होते. मैनावहिनी त्यांना भरवीत, पुशीत, कुशीवर वळवीत. एके दिवशी ते म्हणाले, “ज्येष्ठ लागला काय गो? लागला असेल. मला काय, सगळे महिने कौलांचेच.” वहिनींच्या काळजाला ते लागले. रत्नागिरीत शिक्षिका असलेल्या दर्शनाने, म्हणजे त्यांच्या लेकीने, आपला जुना मोबाइल आईला दिला होता. तो घेऊन वहिनी अंगणात गेल्या आणि ओल्या मातीवर चालणारा मृगाचा लाल किडा टिपून आणला.

केरूअण्णांनी तो पाहिला आणि म्हणाले, “फोटो हलला बघ. उद्या अजून जवळनं घे.”

तिथून ती सेवा सुरू झाली. सेवाच म्हणतो मी. हाताचे काम उरकून, नवऱ्याचा डोळा लागला की ही बाई वाट चालू लागे. कधी सड्यावर, कधी नदीच्या उतारावर, कधी देवळाच्या आवारात. शिकवायला कोणी नव्हते. पण पाहणाऱ्याची भूक ओळखीची असली की वाढणाऱ्याचा हात आपोआप शिकतो. कलते ऊन असले की फुलाला उठाव येतो, हे त्यांना उमगले. पावसाने भिजलेला चिरा काळा पडतो आणि त्यावरचे शेवाळ उजळते, हेही उमगले. सभामंडपाचे खांब, गाभाऱ्याचा उंबरा, पन्हाळीतून गळणारी धार, सड्यावरच्या कातळाला फुटलेला गुलाबी तेरडा, असे एकेक आणून त्या खाटेशी बसत. शेजारची हौसा थट्टा करी, “वयनी, थांब गो, तोंडाला पावडर लावून येते, मग घे माझा फोटो.” वहिनी हसून म्हणत, “तुझा नको. तुझ्या पायाखालच्या चिखलाचा हवाय.”

आषाढ मात्र वहिनींच्या मनात रुतून बसला होता. नदीकाठी त्यांचा भाताचा मळा होता. केरूअण्णांनी खाटेला खिळल्यावर पहिल्या दिवसांतच बजावले होते, “माझ्यासाठी मळा पडीक टाकू नको. तेवढं कर.” वहिनींनी मान डोलावली होती. पण लावणी म्हणजे उजाडल्यापासून अंधारेपर्यंत चिखलात वाकणे. घरी खाटेवरच्या माणसाला पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तासातासाने कूस वळवायची. वाडीतली माणसे ज्याच्या त्याच्या शेतात. वहिनी घरीच राहिल्या. मळा तसाच राहिला. अण्णांना ते कोणी सांगितले नाही.

श्रावणात त्यांनी विचारलेच. “आपला मळा कसा दिसतो गो? मी काय तो भाद्रपदातच बघितलाय. लावणीनंतरचा कोवळा कधी बघितला नाय. दाखव.”

वहिनी गेल्या. आपल्या बांधावर उभ्या राहिल्या, माघारी फिरल्या, आणि हौसाच्या हिरव्यागार शेताचा फोटो काढून घेऊन आल्या. म्हणाल्या, “हा बघा.”

केरूअण्णांनी तो फार वेळ पाहिला. मग मोबाइल पालथा ठेवला आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी तेरड्याचा नवा फोटो आणला, तर त्यांनी मान फिरवली. पुढे बरेच दिवस ते काही पाहीनात. वहिनींना वाटले, दुखणे वाढले. वैद्यांकडून काढा आणला. अखेर एका सकाळी तेच बोलले, हळू, एकेक शब्द सोडवीत.

“मैने, आपल्या मळ्यातनं देवळाची पाठ दिसते. त्या फोटोत दीपमाळ दिसते. दीपमाळ पुढच्या अंगाला हाय.”

वहिनींनी हातातली काढ्याची वाटी खाली ठेवली.

“इतकी वर्षं दोनच महिने बघितलं गाव, पण नीट बघितलंय. आता तू तेरडा दाखवलास तरी मी मनात विचारतो, कुणाच्या सड्यावरचा? तो मृगाचा किडा तरी आपल्या अंगणातला होता काय?”

रागाचा आवाज असता तर सोसला असता. हा आवाज सगळे गमावलेल्या माणसाचा होता. एका फोटोने त्याचा ज्येष्ठ नेला, आषाढ नेला, आणि पुढचे जे महिने अजून यायचे होते तेही नेले.

वहिनी उठल्या. हौसाला खाटेशी बसवून मळ्याकडे निघाल्या. गणपतीला गावी आले की केरूअण्णा ज्या कोपऱ्यावर उभे राहून मळा पाहत, त्या कोपऱ्यावर जाऊन त्या उभ्या राहिल्या. पुढे कमरेएवढे गवत. मध्येच कुर्डूची रोपे माजलेली. सुंदर दिसेल असा कोन त्यांनी शोधला नाही. मागे देवळाची पाठ येईल एवढेच पाहिले.

तो फोटो पाहून अण्णांनी विचारले, “बांध कुठं गेला?”

“गवताखाली हाय.”

“लावणीला गेली नाहीस?”

“तुम्हाला कुशीवर कुणी वळवलं असतं?”

खाटेवरचा उजवा हात उचलला गेला आणि वहिनींच्या मनगटावर येऊन थांबला. मग अण्णा म्हणाले, “कुर्डू कोवळा दिसतो. उद्या खुडून आण, भाजी कर. आणि तो तेरडा आण बघू इकडं, राहिलाय बघायचा.”

मार्गशीर्षातल्या उत्सवात कीर्तन करायला मी त्या गावी गेलो, तेव्हा देवळात येऊ न शकणाऱ्या या भक्ताला भेटायला घरी गेलो. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. केरूअण्णा उजव्या अंगठ्याने मला एकेक महिना दाखवू लागले. शेवाळलेला चिरा आला, तेरडा आला. एका फोटोशी त्यांचा अंगठा थांबला. गवत, आणि मागे देवळाची पाठ.

“हा आमचा मळा, बुवा,” ते म्हणाले. “औंदा पडीक हाय.”

आणि त्यांनी मला आश्विन दाखवायला घेतला.