जनरल मर्चंटची पाटी

इन्स्पेक्टर बुटांसकट पत्रावळींच्या गठ्ठ्यावर चढला, तेव्हा पितृपक्षाचा दुसरा दिवस होता. वरच्या फळीवरचे द्रोण मोजायला त्याचा हात पुरत नव्हता.

मी म्हटलं, "खाली उतरा. त्यावर लोक पितरांचं जेवण वाढतात."

"बाई, हा माल आता सरकारचा झाला," तो म्हणाला. "त्यावर मी उभा राहीन, नाही तर झोपेन."

त्याच्याबरोबर आलेला शिपाई खाली मान घालून मालाची यादी लिहीत होता. आणि ज्याच्या नावाने हे सगळं चाललं होतं तो माझा नवरा भिंतीकडे तोंड करून बसला होता, जणू दुकान शेजाऱ्याचं आहे.

चार वाजेपर्यंत विक्रीकर भरा, नाही तर माल उचलतो आणि दाराला सील ठोकतो, असं फर्मान होतं. पंचवटीतलं आमचं दुकान एवढंसं. दोघं आत बसली की तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहायचं. पळसाची पानं उन्हाळ्यात पेठकडून यायची. ती मी बांबूच्या काड्यांनी टाचून पत्रावळी लावायची, सुकवायची, दाबून ठेवायची. त्यातल्या निम्म्याहून जास्त त्या एका पंधरवड्यात जायच्या. पंधरवड्यात दुकान बंद राहिलं असतं तर पुढच्या उन्हाळ्याची पानं घ्यायला आमच्याकडे काही उरलं नसतं. धंदाच संपला असता.

मजा अशी, की पत्रावळीवर विक्रीकर नव्हताच. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. शेजारचा भांडीवाला रोज ऐकवायचा, "तुमचं बरंय वहिनी. पानाला टॅक्स नाही. मरण आमचं, पितळवाल्यांचं." आणि माझा नवरा त्या मरणावर जळायचा. भांडीवाल्याच्या पाटीवर खाली सेल्सटॅक्सचा नंबर रंगवलेला होता. तो बघून माझ्या नवऱ्याला वाटायचं, नंबर आहे तो व्यापारी आणि नाही तो पानवाला. बायकोने लावलेल्या पत्रावळी विकतो याची त्याला लाज होती. त्या विकून आलेलं जेवताना मात्र लाज नव्हती.

आणीबाणी उठली त्या सुमाराला तो एकदा विक्रीकर कचेरीच्या फाटकाशी टेबल मांडून बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्याकडे गेला. मी बरोबर होते. तो लिहिणारा पहिल्यांदा खरं बोलला. "तुम्हाला नंबर लागतच नाही. कर नसलेला माल विकता तुम्ही."

"पण घेता येतो ना?" नवऱ्याने विचारलं.

"घेता काय, सगळंच येतं. फी भरा, घ्या. धंदा काय लिहू?"

"पत्रावळी."

"ते शोभत नाही हो, शेठ. जनरल मर्चंट लिहितो."

शेठ म्हटल्याबरोबर माझा नवरा लोण्यासारखा वितळला. आयुष्यात त्याला कुणी शेठ म्हटलं नव्हतं. नंतरही म्हटलं नाही.

नंबर आला. सर्टिफिकेटला काचेची चौकट झाली. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत 'जनरल मर्चंट' आणि खाली नंबर. पाटी दुकानाहून रुंद, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली. गिऱ्हाईक पाटी वाचून साबण मागायचं, वही मागायचं, आणि पानं बघून पुढे जायचं.

मग खाकी पाकिटं यायला लागली. नंबर घेतला की दर तीन महिन्यांनी विक्रीचा कागद भरून द्यावा लागतो, कर शून्य असला तरी. हे त्या लिहिणाऱ्याने सांगितलं नव्हतं आणि आमच्या शेठने विचारलं नव्हतं. तो म्हणायचा, "ज्याच्यावर करच नाही त्याचा कागद कसला?" ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पाकीट आलं की तो शिक्का बघायचा, खूश व्हायचा आणि न फोडता लाल फडक्यात बांधून ठेवायचा. लक्ष्मीपूजनाला सर्टिफिकेट आणि ते गाठोडं पाटावर मांडून त्यावर हळदकुंकू वाहायचा. सरकारच्या नोटिसांची पूजा करणारा नाशकात दुसरा कोणी असेल असं वाटत नाही, आणि नाशकात पूजेला कमी नाही.

मी चौथी शिकलेली. एकदा एक पाकीट फोडून 'कसूर केल्यास' इथपर्यंत वाचलं आणि त्याला विचारलं.

"तू पानं लाव," तो म्हणाला.

मी पानं लावली. तो गाढवपणा माझा.

आम्ही काहीच कळवलं नाही, तेव्हा कचेरीने आमची विक्री स्वतःच अंदाजाने ठरवली. जनरल मर्चंट म्हणजे साबण, बिस्किटं, बॅटऱ्या विकत असणार, असं धरून त्यावर कर लावला. तोही भरला नाही, म्हणून इन्स्पेक्टर आला आणि माझ्या पत्रावळींवर चढला.

यादी झाल्यावर शिपायाने कार्बनखालची प्रत माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाला, "मावशी, रडत बसू नका. कचेरीत मोठ्या साहेबांकडे जा. तीनपर्यंत असतात."

मी रडत नव्हतेच. रडत होता तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याला म्हटलं, "चला."

"मी नाही येत. चारचौघांत काय तोंड दाखवू?"

"मग भिंतीलाच दाखवा," म्हटलं. लाल गाठोडं, यादी आणि एक पत्रावळ घेऊन निघाले. पूल ओलांडून कचेरीपर्यंत चालत गेले.

साहेबाने वर न बघताच विचारलं, "मालक कुठायत?"

"दुकानात. जप्तीत त्यांना कोणी मोजलं नाही."

त्याने वर बघितलं. मी पत्रावळ टेबलावर ठेवली. "यावर कर किती?"

"यावर कर नसतो."

"आम्ही हेच विकतो."

"बाई, उगाच काहीतरी सांगू नका. तुमच्या अर्जावर जनरल मर्चंट आहे. बाकीचा माल आज सकाळी हलवला नसेल कशावरून?"

मी यादी पुढे केली. "तुमचा माणूस न सांगता आला. हे त्याने स्वतः मोजलंय. यात जनरल काय ते दाखवा."

तो मोठ्याने वाचायला लागला. पत्रावळी. द्रोण. बांबूच्या काड्या, चार जुड्या. सुतळी. दगड, माल दाबण्याचे, सहा. स्टूल, मोडके, एक. खाली इन्स्पेक्टरची सही. दगडांपाशी शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. साहेब हसला नाही. त्याने गाठोडं सोडलं. पाकिटांवरचं हळदकुंकू सांडून त्याचे कागद लाल-पिवळे झाले.

"हे काय?"

"लक्ष्मी," मी म्हटलं.

अर्जावर धंदा खोटा लिहिला म्हणून तो मला बराच बोलला. बोलण्यासारखंच होतं, पण ज्याने ऐकायचं तो तिथे नव्हता. मग इन्स्पेक्टरच्या नावाने जप्ती थांबवल्याची चिठ्ठी दिली. आठ दिवसांत राहिलेले सगळे कागद भरा, उशिराचा दंड भरा, आणि नंबर नको असेल तर मालकाच्या सहीने अर्ज द्या, असं सांगितलं.

मी पोचले तेव्हा चारला थोडाच अवकाश होता. इन्स्पेक्टरने चिठ्ठी दोनदा वाचली. त्याच्या बुटांखाली चिरडलेला गठ्ठा मी दाखवला, तर म्हणाला, "पुसून विका. पितर काय बघायला येतात?" तो गठ्ठा मी बंबात घातला. कुणाच्या बापाला बुटाखालच्या पानावर जेवायला घालणं मला जमलं नसतं.

दोघं गेल्यावर नवऱ्याने तोंड वळवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "नंबर राहिला ना पण?"

नंबर रद्द करायचा अर्ज पुढे टाकून म्हटलं, "करा सही. नाही तर उद्यापासून पानं तुम्ही लावा."

त्याने सही केली. राहिलेले कागद मीच भरले. कराच्या रकान्यात शून्य लिहायला चौथी पुष्कळ झाली. पाटी उतरवून पत्रावळींच्या ढिगावर उपडी ठेवली आणि वर दगड. दाबायला ती फार चांगली होती. तेवढा एक उपयोग त्या नंबराचा झाला.

इन्स्पेक्टर रिटायर झाला आणि लवकरच वारला, असं भांडीवाल्याने सांगितलं. शिपाई दर पितृपक्षात आमच्याकडूनच पत्रावळी न्यायचा. एका वर्षी त्याच्याच श्राद्धासाठी न्यायला त्याची बायको आली. माझ्या नवऱ्याच्या पहिल्या श्राद्धाला पत्रावळी मीच लावल्या. त्या जप्तीच्या दुपारी आम्ही चारजण होतो. त्यातली आता मीच उरले आहे.